फरशीवरून येऊ नका

चिंचमळा, टाकळी, नाशिक
१२ ऑगस्ट २००८

प्रिय मनीषा वहिनी,

माझा नंबर दिसला की तुम्ही फोन कापता, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

साई पहिलीत गेली असेल. तिच्यासाठी फ्रॉक घ्यायला मी मेन रोडला गेले होते. दुकानदाराने वय विचारलं ते सांगितलं. उंची विचारली तेव्हा मला काही सांगता येईना. फ्रॉक न घेताच परत आले.

नागपंचमी होऊन गेली. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. आप्पा सकाळी नाल्यावर जाऊन बसले ते दुपारी उठले. ती पाण्याची मोटार अजून गोठ्यात गोणपाटाखाली पडून आहे. दोन उन्हाळे त्यांनी शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी घेतलं, पण मोटार जोडली नाही आणि विकलीही नाही. परवा सगुणाबाई बांधावरून जाता जाता म्हणाल्या, "पुंजाराम, पोराच्या जिवापरीस प्यारी मोटार, आता वापर तरी तिला." आप्पा मान खाली घालून खुरपत राहिले. मी शेजारच्याच वाफ्यात होते. मीही खुरपत राहिले.

पित्तरपाटात पंचमीला दादाचं श्राद्ध आहे. यंदा ती १९ सप्टेंबरला, शुक्रवारी येते. साईने एकदा बापाच्या पानाला हात लावावा, एवढंच आप्पांचं म्हणणं आहे. दशक्रियेच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता, की या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा माझ्या पोरीला नको. ते मी विसरलेले नाही. तरी विचारते आहे.

मी सध्या क्लासमध्ये भूगोल शिकवते आणि रविवारी वस्तीचं काम करते. तुम्हाला राग येईल, पण ते सोडवत नाही. आपली अकरा घरं नदी आणि नाला यांच्या बेचक्यात आहेत. नदी समोर दिसते म्हणून सगळे नदीकडे बघतात, आणि बाहेर पडायची वाट मात्र मागच्या नाल्यावरच्या फरशीवरून, त्या ठेंगण्या पुलावरून जाते. ती फरशी आधी बुडते. म्हणून मी दुसरी वाट शोधली आहे. नाला न ओलांडता, बाजूच्या चढाने, कोंडाजी तात्यांच्या द्राक्षबागेतून, थेट वरच्या रस्त्याला. या वेळी कागदावर काही काढलेलं नाही, आधी चालून पाहिलं. सगुणाबाईंच्या चालीने, शेळीसकट, चौदा मिनिटं लागतात. शेळी मध्ये दोनदा बसली, ती मिनिटं धरून.

अडचण बागेच्या फाटकाची आहे. त्याला कुलूप असतं. तात्या म्हणाले, "बी.ए. झाली म्हणजे माझ्या बागेतून हायवे काढती का काय?"

त्या दिवशी जे झालं ते कुणा एका माणसामुळे झालं नाही, एवढंच लिहून थांबते.

तुमची,
साधना


६ सप्टेंबर २००८

प्रिय वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुमचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं, म्हणून आधी नुसतंच पाहत बसले.

"म्हातारा घरात असेल तर साई उंबऱ्याला पाय लावणार नाही."

आप्पांना वाचता येत नाही. कार्ड हातात दिसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "काय म्हणती ती?" वाचताना मला ते मऊ करता आलं असतं. घरात सगळे कागद मीच वाचते, रेशनचे, बँकेचे, सगळे. मी जे वाचीन ते खरं धरायची या घराला सवय आहे. म्हणून या वेळी आहे तसंच वाचलं.

त्यांनी थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाले, "मग मी त्या दिशी त्र्यंबकला जातो. कुशावर्तावर आंघोळ करीन, तिथंच बसून राहीन. पोर येऊन जेवून जाऊ दे. त्या दिवे लागायला गेल्या की मी येतो."

तेव्हा वहिनी, तुम्ही या. आप्पा घरी नसतील. नांदगावहून पहिली गाडी पकडली तर दहापर्यंत मळ्यात पोचाल. साईला काय आवडतं ते कळवा. तिला कढी आवडायची, आता आवडते का माहीत नाही.

नंतर आप्पांनी विचारलं, "तू काय लिवती तिला एवढं?"

मी म्हटलं, "इकडचं तिकडचं."

"मळ्यातलं लिही. झेंडू चांगला हाय म्हणून लिही, दसऱ्याला तोडा निघंल. दुसरं काही लिवू नको."

झेंडू खरंच चांगला आहे. कळ्या धरल्या आहेत.

ते "दुसरं" म्हणजे काय, ते त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक आहे. आज मी त्यांचं ऐकते आहे. ऐकणं सोयीचं आहे म्हणून ऐकते आहे, हेही लिहिते.

कोंडाजी तात्यांकडे चार खेपा झाल्या. शेवटी म्हणाले, किल्ली पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवीन, फक्त पावसाळ्यापुरती. "आणि एका शेळीनं एक पान खाल्लं, तर तुला वर्षभर बागेत राखण बसवीन, बी.ए.सकट." मी हो म्हटलं. सगुणाबाईंच्या शेळीचं तोंड फडक्याने बांधायचं ठरलं आहे.

आप्पा रोज संध्याकाळी नाल्याकाठी जातात, खिशातून एक झेंडूचं फूल काढून पाण्यात टाकतात आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहतात. वस्तीत म्हणतात, पोरगा गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी तसं म्हणत नाही.

साधना


१८ सप्टेंबर २००८, दुपारी दोन
नाशिक बसस्टँड

वहिनी,

हे पत्र नांदगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तुमच्या भावाचं दुकान स्टँडसमोरच आहे, तिथे देतील. सकाळपासून अकरा वेळा फोन केला, तुम्ही उचलत नाही. दुकानाचा नंबर लागत नाही.

उद्या येऊ नका.

त्र्यंबककडे तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. धरण भरलं आहे, पाणी सोडायला लागले आहेत. रामकुंडावर आपली फुलं विकणारा फकिरा आत्ताच भेटला. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची पावलं भिजली म्हणाला. सगळे छत्र्या घेऊन बघायला उभे आहेत आणि अजून काही नाही म्हणून घरी जात आहेत.

तुम्ही म्हणाल, पावलंच भिजलीत, मग काय झालं? वस्तीतही तेच म्हणतात. म्हणून आता ते "दुसरं" लिहिते. गाडी अडीचला सुटते. खाडाखोड करायला वेळ नाही, तेही बरं आहे.

त्या वर्षी मी पूर आणि भूकंपावरचं दहा दिवसांचं शिबिर करून आले होते. वस्तीतली पहिली पदवीधर. मी तक्ता केला, लाल आणि निळ्या स्केचपेनने, आणि चावडीच्या भिंतीवर चिकटवला. मारुतीचे गुडघे, सामान बांधा. मारुतीची कंबर, निघा. वाट, फरशीवरून शाळेत. दोर धरायला ज्ञानेशदादा. कंबर ही खूण मी म्हाताऱ्यांनाच विचारून लिहिली होती, सगळं नाशिक त्याच खुणेने पूर मोजतं. पण त्याच उन्हाळ्यात नाल्याच्या तोंडाशी प्लॉटसाठी मातीचा भराव पडला होता. नाल्याचं तोंड निम्मं झालं होतं, म्हणजे फरशी आता मारुतीच्या कमरेआधीच बुडणार होती. मी रोज त्याच्यावरून सायकल नेत होते. तक्त्यात मात्र तो भराव आला नाही.

नागपंचमीच्या सकाळी मारुतीच्या गुडघ्याला पाणी होतं. आप्पा नाल्यावरून धावत आले. म्हणाले, "फूल टाकलं तर उलटं आलं. नदी नाल्यात शिरती हाय. चला, निघू या आत्ताच."

ऐका वहिनी. आप्पा म्हणाले होते निघू या.

मी हसले. "आप्पा, फुलावरून पूर मोजतात का?" असं सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांना हाताला धरून तक्त्यापाशी नेलं आणि वाचून दाखवलं. घाई केली की चेंगराचेंगरी होते, शिबिरात शिकवलंय, असंही सांगितलं. ते तक्त्याकडे बघत राहिले. मग बाकीच्यांना म्हणाले, "शिकलेली हाय, तिचं खरं असंल." सगळे थांबले. मोटार काढून आणा, तासभर वेळ आहे, हेही मीच सांगितलं. ते नदीवर गेले ते माझ्या सांगण्यावरून.

तासाभराने फकिराचा निरोप आला, कंबर. तेव्हा आपण निघालो. फरशीवर तोवर मांडीएवढं पाणी होतं. तुम्ही आणि साई पहिल्या खेपेत पार झालात. दादा सगुणाबाईंना पाठीवर घेऊन पार झाला, आणि मागे राहिलेल्यांसाठी दोर घेऊन परत फिरला. पुढचं तुम्ही पलीकडून पाहिलं. मी अलीकडून.

त्याच वेळी आप्पा खांद्यावर मोटार घेऊन आले. ते सगळ्यांनी पाहिलं. तक्ता पावसात भिजून गेला होता, तो कुणाला आठवला नाही. मोटारीपायी उशीर झाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि तेच राहिलं. मी बोलणार होते. आप्पांनी त्या दिवशी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तू गप. एक गेला, तुला जगायचं हाय." मी तेवीस वर्षांची होते. गप्प बसले. नंतर रोज थोडं थोडं गप्प बसत गेले.

थांबा म्हणणारी मीच होते आणि आता येऊ नका म्हणणारीही मीच आहे. माझं ऐकावं असं काही राहिलेलं नाही, हे मला समजतं. म्हणून माझं ऐकू नका. काल संध्याकाळी आप्पांनी टाकलेलं फूल जागच्या जागी उभं राहिलं. पुढेही जाईना, मागेही येईना. त्याचं ऐका.

फरशीवरून येऊ नका. पलीकडून कितीही उथळ दिसली तरी नाही.

कंडक्टर हाक मारताहेत.

साधना


२१ सप्टेंबर २००८
कोंडाजी तात्यांची शेड, चिंचमळ्याच्या वर

वहिनी,

तुम्ही फोनवर जे ऐकलं त्याच्या आधीचं लिहिते. अकरा घरांतली माणसं शेडमध्ये आहेत, कागद तात्यांच्या द्राक्षांच्या पेट्यांतला आहे.

शुक्रवारी सकाळी आप्पा त्र्यंबकला जायला निघाले होते. पिशवीत धोतर, टॉवेल. तुम्ही येणार नाही असं मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण पत्र पोचलं की नाही हेच मला माहीत नव्हतं. जाता जाता ते नाल्यावर गेले. आठ वाजले असतील. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. त्यांनी खिशातलं फूल टाकलं. ते भरावाच्या बाजूने आमच्याकडे आलं, आमच्या समोरून गेलं आणि वर, वस्तीकडे चढायला लागलं. त्यांनी दुसरं टाकलं. तेही आलं.

आप्पा माझ्याकडे नुसते बघत राहिले.

मी घराघराच्या पत्र्यावर थाळी वाजवली. लोक बाहेर आले, पण हलेनात. मी फकिराला फोन लावून सगळ्यांना ऐकवला. तो म्हणाला, "गुडघे भिजतायत. कंबर लय लांब हाय अजून." ते ऐकून दोघं घरात परत गेले. सगुणाबाई ओट्यावर शेळी घेऊन बसल्या होत्या. "मारुतीचे गुडघे भिजले नाय नीट, आन ही आम्हाला चिखलातून पळवती. मागल्या टायमाला तुझ्याच बापानं उशीर केला. यंदा तू लवकर कर. दोघं मिळून बरोब्बर येळ साधा."

दोघं-तिघं हसले. आप्पांनीही, सवयीने, मान खाली घातली.

मग मी सांगितलं. तुम्हाला लिहिलं तेच, पण स्टँडवर लिहिण्यापेक्षा ते फार कठीण होतं, कारण समोर दादाने पाठीवरून नेलेली बाई बसली होती. आप्पांनी दोन वर्षांपूर्वी फूल बघून निघू या म्हटलं होतं, मी सगळ्यांसमोर हसून त्यांना थांबवलं, मोटार आणायला मी पाठवलं. तुम्ही सगळे तिथे होता, आठवून बघा. एवढंच. आप्पा मध्येच म्हणाले, "साधना, बास." मी थांबले नाही.

पाऊस पत्र्यावर पडत होता. सगुणाबाईंनी शेळीच्या तोंडाला फडकं बांधायला घेतलं. गाठ मारता मारता म्हणाल्या, "व्हय. म्हणला व्हता. निघू या म्हणला व्हता पुंजाराम." मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "आन तू रं? मी दोन वर्सं बांधावरून बोलती, तू ऐकून घेतो?"

आप्पा म्हणाले, "उठ आता. ते फूल बघ कुठवर आलं."

ते सगुणाबाईंच्या ओट्याच्या दगडाला लागलं होतं.

बागेच्या वाटेने चढताना माझं लक्ष माणसं मोजण्यात असायला हवं होतं. मी दर वळणावर मागे वळून फरशीकडे बघत होते. फरशी दिसत नव्हती, तिच्या जागेवरून पाणी जात होतं, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी लाल छत्री घेऊन उभं होतं. शेजारी लहान मूल. वहिनी, मी खाली धावले. आप्पांनी मागून माझी ओढणी धरली आणि सोडली नाही. ती लाल छत्री शाळेतल्या बाईंची होती आणि मूल त्यांचं होतं. हे कळायला पाचेक मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत तुम्ही दोन वर्षं कशी काढली असतील याचा थोडा अंदाज आला. थोडाच.

फाटकाला कुलूप नव्हतं. तात्या स्वतः ते धरून उभे होते. शेळीकडे बघून म्हणाले, "हिचं तोंड बांधलं, हिच्या मालकिणीचं कोण बांधणार?"

अकरा वाजता मारुतीच्या कमरेला पाणी आलं. फकिराने फोन करून सांगितलं, म्हणाला, आता निघा. आम्ही शेडमध्ये चहा घेत होतो आणि खाली आपल्या घराची भिंत बसताना बघत होतो. पुढे पाणी मारुतीच्या छातीवर, मग डोक्यावर गेलं. माणसं सगळी आहेत. दोन गाई, सगळ्या शेळ्या आहेत. सात घरं नाहीत. झेंडू नाही. मोटार गेली, गोणपाटासकट. ती काढायला कुणी गेलं नाही.

आणि मग माझ्या फोनवर तुमचं नाव आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हॅलो म्हटलं. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "आप्पांना द्या."

मी दिला आणि बाहेर वेलींच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिले. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. आप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलतात. त्या दिवशी आवाज आला नाही. फक्त एकदा म्हणाले, "जेवली का पोर?"

श्राद्ध शेडमध्येच केलं. पानावर तात्यांच्या घरचा वरणभात होता. कावळा आला नाही, इतका पाऊस होता. सगुणाबाईंनी पान उचलून गाईला घातलं.

त्यानंतर दोन दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मी सगळ्यांसमोर सांगितलं याचा त्यांना राग आहे. त्यांनी दोन वर्षं काहीतरी अंगावर घेऊन जपलं होतं, ते मी त्यांना न विचारता काढून घेतलं, असं त्यांना वाटत असावं. तुमचा राग आता माझ्याकडे यायला हवा. तो मला पोचू द्या. कार्डावर लिहा, फोनवर बोला, इथे येऊन बोला. मी या वेळी खुरपत राहणार नाही.

आज सकाळी मी कागद घेतला तेव्हा आप्पा शेजारी येऊन बसले. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"तिला लिवती का?"

"हो."

"लिही. सर्वपित्रीला ये म्हणावं, पोरीला घेऊन. पंचमी चुकली तर अवसेला चालतं."

मी लिहिलं.

"फरशी वाहून गेली म्हणावं. असती तरी तिच्यावरून नाय यायचं. वरच्या रस्त्याला उतर, बागेतून ये. चिखल हाय, पोरीला कडेवर घे."

मी तेही लिहिलं. मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, मीच लिहिलेलं आणि त्यांनी सांगितलेलं, काही न गाळता. "निघू या म्हणाले होते" इथे आले तेव्हा ते दुसरीकडे बघत होते. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "एक राह्यलं."

"काय?"

"फाटक उघडं हाय म्हणून लिही."

साधना